दार किती मिनिटं टिकतं?

सोसायटीतल्या एखाद्या बंद फ्लॅटमध्ये घरफोडी झाली की जिन्यात जमलेल्या लोकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "चोराला यायचंच असेल तर तो येणारच, दारावर कितीही खर्च करा." मग कुणी काहीच करत नाही, तर कुणी दुसऱ्याच दिवशी बाजारातलं सगळ्यात महाग कुलूप आणून जुन्या दाराला लावतो. दार एक तर फुटतं किंवा फुटत नाही, अशी दोघांचीही समजूत असते. खरं म्हणजे पुरेसा वेळ मिळाला तर प्रत्येक दार फुटतं. ते किती वेळात फुटेल आणि फुटताना किती आवाज होईल, हे मात्र बऱ्याच अंशी घरमालकाच्या हातात असतं.

१. मिनिटांचा हिशेब

युरोपात दारा-खिडक्यांची परीक्षा घड्याळ लावून घेतात. तिथल्या 'ईएन १६२७' या मानकात सहा श्रेणी आहेत. परीक्षकाच्या हातात ठरावीक हत्यारं देतात आणि प्रत्यक्ष हत्यार चालवण्याचा वेळ मोजतात. दुसऱ्या श्रेणीच्या दाराने स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि पाचर यांच्यापुढे ३ मिनिटं टिकायचं असतं. तिसऱ्या श्रेणीत कटावणीची भर पडते आणि वेळ ५ मिनिटं होतो. सहाव्या श्रेणीत विजेवर चालणाऱ्या दमदार यंत्रांसमोर २० मिनिटं काढावी लागतात. 'हे दार कधीच फुटणार नाही' असं प्रमाणपत्र त्यात कुणालाच मिळत नाही.

तीन मिनिटं ऐकायला फार कमी वाटतात. पण भर दुपारी चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये दार उचकटत उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. समोरच्या फ्लॅटचं दार कधी उघडेल, लिफ्ट कधी थांबेल, कुरिअरवाला कधी वर येईल, यातलं काहीच त्याच्या ताब्यात नसतं. दाराने अर्ध्या मिनिटात हार मानली तर त्याचं काम झालं. तीन मिनिटं खडखडाट करूनही ते हललं नाही तर तो बहुधा निघून जातो.

याचा पुरावाही आहे. नेदरलँड्समध्ये १९९९ पासून नव्या घरांना घरफोडीला दाद न देणारी दारं-खिडक्या बसवणं सक्तीचं झालं. बेन व्होलार्ड आणि यान फान ऊर्स या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध केला. नव्या घरांत वर्षाला होणाऱ्या घरफोड्यांचं प्रमाण १.१ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं होतं. म्हणजे दर हजार घरांमागे ११ घरफोड्या होत होत्या, त्या ८ झाल्या. चोर तेच होते, बदलली होती ती दारं आणि खिडक्या. जिन्यातल्या त्या निराश वाक्याला माझ्या मते एवढं उत्तर पुरेसं आहे.

२. दारावरचा जोर जातो कुठे?

शनिवारवाडा पाहायला गेलेले लोक दिल्ली दरवाजावरच्या अणकुचीदार खिळ्यांपाशी थांबतात. हत्तीला कपाळाने धडक देता येऊ नये, म्हणून ते बसवलेले असत. घराच्या दाराबद्दल शिकायचं असेल, तर मात्र जुन्या वाड्याच्या दाराच्या आतल्या बाजूला जाऊन उभं राहावं. तिथे अडसर दिसतो. मनगटापेक्षा जाड, चांगला लांब असा हा लाकडी वासा दारामागून आडवा सरकवायचा, आणि त्याची दोन्ही टोकं दगडी भिंतीतल्या खोबणीत जायची. बाहेरून धक्का बसला की फळ्यांवरचा जोर अडसरावर, अडसरावरचा भिंतीवर आणि भिंतीवरचा जमिनीत जायचा. बिजागऱ्या आणि कड्या यांच्यावर फारसा भार यायचाच नाही.

आता आपल्या फ्लॅटचं दार उघडा. लॅचची जीभ चौकटीवरच्या धातूच्या ज्या छोट्या पट्टीत जाऊन बसते, तिच्याकडे नीट पाहा. बहुतेक घरांत ती दोन स्क्रूंवर उभी असते. त्यातला एक काढून बघा. पाऊण इंची निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. बाहेर नामांकित कंपनीचं जाडजूड कुलूप असतं, आणि घराचा सगळा भार लाकडात पाऊण इंच शिरलेल्या या दोन स्क्रूंवर असतो. जोराची लाथ बसली की कुलूप जिथल्या तिथे राहतं, चौकटीची कपची उडते आणि दार उघडतं. घरफोडीच्या बातम्यांत 'कडी-कोयंडा उचकटून' हे शब्द इतक्या वेळा येतात, त्याचं कारण हेच. कुलूप तोडण्याच्या फंदात न पडता चोर ते ज्याला अडकवलं आहे त्यालाच उपटतो.

म्हणून 'चांगलं कुलूप कोणतं?' असं विचारणाऱ्याला मी आधी चौकटीबद्दल विचारतो. चौकट भिंतीत कशी धरली आहे? पूर्वी भिंत बांधतानाच चौकट उभी करत आणि होल्डफास्ट नावाच्या लोखंडी पट्ट्यांनी ती बांधकामात पक्की गाडत. अलीकडे बऱ्याच इमारतींत भिंत आणि गिलावा झाल्यावर चौकट मागाहून आणून स्क्रूंवर बसवतात. ही पद्धत वाईट नाही, पण स्क्रू किती, कुठे आणि किती लांबीचे, यावर सगळं अवलंबून राहतं. दार आपटल्यावर चौकटीच्या कडेने गिलाव्याला चीर पडत असेल, तर चौकट हलते आहे हे समजावं.

सुधारणा अगदी स्वस्त आहे. लॅचच्या समोरची छोटी पट्टी काढून तिथे जाड आणि लांब पोलादी पट्टी लावावी, आणि तिचे निदान चार स्क्रू चौकटीतून पार होऊन भिंतीपर्यंत पोचावेत. इथे एक हिशेब चुकतो. चौकटीचं लाकूड अडीच इंच जाड असेल तर तीन इंची स्क्रू भिंतीत जेमतेम अर्धा इंच शिरतो, आणि त्यातही बराचसा गिलावाच असतो. तिथे चार इंचांहून लांब स्क्रू आणि भिंतीत प्लग हवा, किंवा सरळ अँकर फास्टनर. बिजागऱ्यांनाही हेच लागू आहे. लॅचची बाजू पोलादी केली आणि बिजागऱ्या तीन-चार आखूड स्क्रूंवर लोंबकळत ठेवल्या, तर चोर दुसऱ्या बाजूने सुरुवात करेल.

३. कटावणीचं गणित

घट्ट बसलेलं पत्र्याच्या डब्याचं झाकण बोटांनी निघत नाही. चमच्याचा दांडा कडेखाली घालून दाबला की ते सहज वर येतं. कटावणी दारावर हेच काम करते.

समजा, कटावणी ६० सेंटीमीटर लांब आहे आणि तिचं टोक चौकटीच्या कडेला टेकवून ३ सेंटीमीटर आत घातलं आहे. ६० ला ३ ने भागलं की येतात २०, म्हणजे हाताचा जोर टोकाशी साधारण वीसपट होतो. माणसाने ३० किलोचा जोर लावला तर टोकाशी ६०० किलोंच्या आसपास जोर पडतो. पाऊण इंची स्क्रू त्यापुढे काय टिकणार? पण या गणिताला एक अट आहे : टोक आत शिरायला फट हवी. फट नसेल तर आधी ती पाडावी लागते. त्यात वेळ जातो आणि लाकूड मोठ्याने कडकडतं.

आपल्याकडे ही फट बरेचदा पाऊस करून देतो. जुलैमध्ये दार फुगतं, लागत नाही, मग सुताराला बोलावून कडेला रंधा मारून घेतात. तेच दार मार्चमध्ये वाळून आकसलं की बंद दाराच्या कडेतून उजेड दिसू लागतो. दोन-तीन पावसाळे असे गेले की स्क्रू ड्रायव्हरचं पातं आरामात जाईल एवढी वाट तयार होते. दार फुगतं ते बहुधा वरची, खालची आणि कडेची लाकडं रंग किंवा पॉलिश न लागता उघडी राहिल्यामुळे. या कडा बंद केल्या तर रंधा मारण्याची वेळच कमी येते. फट पडलीच असेल तर दाराच्या बाहेरच्या कडेला, ती फट झाकेल अशी धातूची पट्टी बसवता येते. बाहेर दिसणारे तिचे स्क्रू मात्र उलटे फिरवून काढता येणारे नसावेत.

दाराच्या पोटात काय आहे, तेही पाहायला हवं. बाहेरून एकसारखी दिसणारी फ्लश दारं आतून अगदी वेगळी असतात. काहींच्या आत लाकडी पट्ट्या ठासून भरलेल्या असतात, काहींच्या आत नुसती जाळीदार भर असते. आतल्या खोल्यांसाठी असलेलं पोकळ दार मुख्य दाराला कधीही चालत नाही. बोटाच्या पेराने वाजवून पाहा, भरीव दार बद्द वाजतं. वजनावरूनही कळतं : ३५ मिलिमीटर जाडीचं, सात बाय तीन फुटांचं भरीव दार ४० किलोंच्या आसपास भरतं आणि एकट्याला सहज उचलत नाही. भरीव लाकडी फ्लश दारांसाठी भारतीय मानक 'आयएस २२०२' आहे, दुकानात त्याची खूण मागावी.

भरीव दारही एका ठिकाणी आपणच कमकुवत करतो. मॉर्टाइज लॉक बसवताना सुतार दाराच्या जाडीत खोल खाच पाडतो. ३५ मिलिमीटरच्या दारात ती खाच पाडल्यावर दोन्ही बाजूंना पाऊण-एक सेंटीमीटर लाकूड उरतं, आणि नेमका तिथेच सगळा जोर येतो. त्या भागाला दोन्हीकडून कवेत घेणारी धातूची पट्टी बसवली तर दार तिथे चिरत नाही.

४. कुलपाच्या आत

नेहमीच्या दंडगोल कुलपात पाच-सहा बारीक पिना ओळीने उभ्या असतात. प्रत्येक पीन दोन तुकड्यांची असते. किल्लीचे दाते या पिना कमी-जास्त उंचीवर उचलतात, आणि सगळ्यांचे जोड एका रेषेत आले की दंडगोल फिरतो. पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंच्या धरल्या तर कागदावर ६ × ६ × ६ × ६ × ६, म्हणजे ७७७६ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. ही रचना एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या येल बाप-लेकांनी आजच्या रूपात आणली, पण पिनांची लाकडी कुलपं त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

कुलूप किल्लीविना उघडण्याची कला खरोखर आहे. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने ब्रामा कंपनीचं कित्येक वर्षं कुणालाही न उघडलेलं कुलूप उघडून दाखवलं. त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. आपल्या दाराशी येणाऱ्या चोराकडे ना तेवढे तास असतात, ना तेवढं कौशल्य. म्हणून सहा पिनांऐवजी दहा पिनांचं कुलूप घेण्यापेक्षा तोच पैसा चौकटीवर खर्च करणं मला शहाणपणाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र फुकट आहे आणि बहुतेक घरांत ती होत नाही. लॅचची जीभ दोन प्रकारची असते. एक तिरकी, स्प्रिंगवर मागे-पुढे होणारी. दार नुसतं ओढलं की ती आपोआप खटकन बसते. दुसरी चौकोनी, किल्ली फिरवल्याशिवाय बाहेर न येणारी आणि बाहेर आल्यावर ढकलून मागे न जाणारी. तिरकी जीभ फटीतून घातलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ कार्डानेही मागे सरकू शकते. खाली भाजी आणायला जाताना दार ओढून घेतलं, तर घर त्या एकट्या तिरक्या जिभेवर असतं. किल्ली दोनदा फिरवली की चौकोनी जीभ बाहेर येते, किंवा काही लॅचमध्ये तीच जीभ आणखी पुढे जाऊन अडकून बसते. आपल्या लॅचमध्ये नेमकं काय होतं, ते दार उघडं ठेवून किल्ली फिरवून एकदा पाहावं.

बाहेरून अल्ड्रॉपला टांगलेलं कुलूप घरात कुणी नसल्याची जाहिरात करतं. शक्य असेल तिथे दारातच बसणारं कुलूप घ्यावं. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या डिजिटल कुलपाचीही जीभ शेवटी त्याच चौकटीत जाते, त्यामुळे मागचं सगळं त्यालाही लागू आहे.

५. सेफ्टी डोअर

मुख्य दाराबाहेर जाळीचं किंवा लोखंडी पट्ट्यांचं दुसरं दार आता महाराष्ट्रातल्या शहरांत जवळपास घराचा भाग झालं आहे. त्याचा मोठा उपयोग घरात माणूस असताना होतो. दुपारी एकट्या असलेल्या आजींना 'गॅसचं चेकिंग आहे' म्हणणाऱ्याशी जाळीआडून बोलता येतं, ओळखपत्र पाहता येतं, दार न उघडता नाही म्हणता येतं. मुख्य दाराला मॅजिक आय असावा आणि तो घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. सुतार तो स्वतःच्या उंचीने बसवून जातात.

सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, त्यामुळे त्याच्या बिजागऱ्या बाहेर राहतात. बिजागरीची पीन ठोकून वर काढता येत असेल, तर कुलूप कितीही चांगलं असलं तरी दार उलट्या बाजूने उघडतं. पिनेची दोन्ही टोकं वेल्ड करून घ्यावीत, किंवा दार बंद झाल्यावर चौकटीच्या भोकात शिरणारे पोलादी खुंटे बिजागरीच्या बाजूला बसवावेत. दुसरी तपासणी : जाळीतून हात किंवा वाकवलेली सळई घालून आतली कडी काढता येते का? कडीभोवती बंद पत्रा लावला की हा मार्ग मिटतो.

६. खिडकी ही चोराची वाट

भारतीय न्याय संहितेच्या ३३० व्या कलमात घरफोडीच्या ज्या पद्धती दिल्या आहेत, त्यांत माणसाने ये-जा करण्यासाठी न ठेवलेल्या वाटेने आत शिरणं हीही एक आहे. घरातल्या अशा वाटा मोजायच्या तर घराभोवती फिरून, बाहेरून पाहावं. तळमजला, गच्चीखालचा मजला, सांडपाण्याच्या पाइपाशेजारची खिडकी, शेजारच्या शेडचं छप्पर. गावातल्या घरात मागचं दार पुढच्याच्या निम्म्यानेही मजबूत नसतं, आणि परसात कुणी उभं राहिलं तर रस्त्यावरून दिसतही नाही.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे बाथरूमची झडप. एकाखाली एक बसवलेल्या काचेच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या पातळ खोबणीत नुसत्या सरकवलेल्या असतात. खोबणीचं तोंड वाकवलं की एकेक पट्टी आवाज न करता बाहेर निघते. ती काढून खाली ठेवता येते, फोडावी लागत नाही. या झडपेला भिंतीत गाडलेले गज हवेत.

सरकत्या खिडकीचं कोडं वेगळं आहे. तिचा पल्ला बसवता यावा म्हणून वरच्या रुळात मोकळी जागा ठेवतात. पल्ला आधी वर उचलायचा, मग खालच्या रुळावर टेकवायचा. जो पल्ला असा बसतो, तो तसाच उचलून बाहेरही काढता येतो, मधली कडी लावलेली असली तरी. खिडकी लावा, दोन्ही हातांनी पल्ला वर उचलून पाहा. खालचा भाग रुळाच्या वर येत असेल तर वरच्या रुळात, पल्ल्याच्या डोक्यावर, लहानसा ठोकळा किंवा एक-दोन स्क्रू बसवून ती मोकळी जागा भरून टाकावी. काम अर्ध्या तासाचं आहे.

काचेबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. टफन्ड काच साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते, पण फुटली की पूर्णच्या पूर्ण बारीक दाण्यांत कोसळते आणि वाट मोकळी होते. माणसाला कापू नये म्हणून ती तशी बनवलेली आहे. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा चिवट पापुद्रा असतो, मोटारीच्या पुढच्या काचेत असतो तसा. ती तडकते, पण जागा सोडत नाही. बंगल्याच्या मोठ्या काचेच्या दाराला लॅमिनेटेडच हवी.

ग्रिलचा जोर गजांच्या जाडीइतकाच ती कशाला धरली आहे यात असतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीला बाहेरून स्क्रूंनी लावलेली ग्रिल साध्या हत्याराने उतरते. गजांची टोकं भिंतीत गाडलेली असावीत, किंवा ग्रिलचे पाय अँकर फास्टनरने काँक्रीटला धरून वर वेल्ड केलेले असावेत. दोन गजांमधलं अंतर १० सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवावं, त्यातून लहान मुलाचंही डोकं जात नाही. आडवे गज मात्र टाळावेत. त्यावर घरातलं मूल चढतं, आणि खालच्या ग्रिलवर पाय देऊन वरच्या मजल्यावर जाणाराही चढतो.

७. आतून बाहेर पडता आलं पाहिजे

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि ग्रिल बसवणारे कारागीर त्याबद्दल बहुधा काहीच विचारत नाहीत. आग लागल्यावर घरात काही मिनिटांत धूर भरतो. मुख्य दाराच्या बाजूलाच आग असेल तर खिडकी हाच मार्ग उरतो, आणि सगळ्या खिडक्यांना न उघडणारी ग्रिल असेल तर तोही बंद. अग्निशमन दलाच्या जवानांना बाहेरून ग्रिल कापावी लागते, तेव्हा आतल्या माणसांची मिनिटं खर्च होत असतात.

प्रत्येक घरात निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारा झरोका असावा. प्रौढ माणूस सहज बाहेर निघेल एवढा मोठा, आणि शिडी जिथे पोचेल अशा बाजूला. त्याला कुलूप लावणार असाल तर किल्ली त्याच खोलीत, बाहेरून हात न पोचेल पण आतल्या सगळ्यांना ठाऊक असेल अशा खिळ्यावर राहावी. हा झरोका वर्षातून दोनदा उघडून तेल घालावं. गंजून बसलेला झरोका नसल्यातच जमा. मुख्य दार आतून किल्लीशिवाय, नुसता खटका फिरवून उघडायला हवं. रात्री सेफ्टी डोअरला आतून कुलूप लावून किल्ली कपाटात ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे, ती सोडावी. आणि बाहेर उघडणाऱ्या सेफ्टी डोअरने जिन्याची वाट अडत असेल, तर शेजाऱ्यांची सुटकाच त्यामुळे अडू शकते. ते बसवण्याआधी सोसायटीशी बोलून जागा ठरवावी.

८. आधी काय करावं

हाताशी पैसे कमी असतील तर मी हा क्रम धरीन : लॅचसमोरची पट्टी आणि लांब स्क्रू, मग बिजागऱ्यांचे स्क्रू, मग सरकत्या खिडक्यांच्या वरच्या रुळातला अडथळा, मग बाथरूमच्या झडपेचे गज. नवं दार आणि नवी ग्रिल हे मोठे खर्च त्यानंतर. लाकडाचं काम पावसाळ्यात काढू नये. फुगलेल्या दारावर घेतलेलं माप दिवाळीनंतर चुकीचं ठरतं.

भाड्याच्या घरात चौकट उकरता येत नाही. तिथे राहायला जाताच मालकांना विचारून लॅचचा दंडगोल बदलावा. आधीच्या भाडेकरूंकडे, दलालाकडे, रंगाऱ्याकडे किती किल्ल्या फिरत आहेत, हे मालकांनाही सांगता येत नाही. बऱ्याच लॅचमध्ये फक्त दंडगोल सुटा मिळतो आणि तो बदलायला स्क्रू ड्रायव्हर पुरतो. जुना दंडगोल किल्ल्यांसह डबीत जपून ठेवावा आणि घर सोडताना परत बसवून द्यावा.